लाल ठिपका परत येईपर्यंत

१

मुरबाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत जयरामकाकांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. एका अंगाला लेथ, भिंतीला टेकून उभ्या ठासणीच्या बंदुका, प्रत्येकीच्या दस्त्याला गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी आणि मधोमध सागाचा एक पाट. डुकरं भात नाचणीत घुसतात म्हणून डोंगराकडच्या शेतकऱ्यांना परवाने मिळालेले. त्यांच्या त्या बंदुका, नवरात्र लागलं की पुसायला यायच्या.

दुकानात एक नियम होता. हत्यार हातातून हातात द्यायचं नाही. आधी पाटावर ठेवायचं, मग दुसऱ्याने उचलायचं. उचलणाऱ्याने ते रिकामं आहे हे मोठ्याने बोलून दाखवायचं. ठासणीची असेल तर गज आत सोडून 'नळी रिकामी'. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्रीचं एकेक घर करंगळीने चाचपायचं, 'एक रिकामं, दोन रिकामं,' असं म्हणत चक्री फिरवायची. पहिल्या घराशी काका नेलपॉलिशचा लाल ठिपका लावत. तो ठिपका परत आला की मोजणी संपली.

दीपेशला हे सगळं म्हाताऱ्यांचं खूळ वाटायचं. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती आणि नियम त्या दोन बोटांपासून सुरू झाला होता, हे त्याला माहीत होतं. तरी आपल्या बोटांचा हिशेब काका चाळीस वर्षं सगळ्या तालुक्याकडून का चुकता करून घेत होते, हे त्याला कळत नव्हतं. त्यातून तो आकडा कोणी ऐकतही नसे. सगळे फक्त 'रिकामं' ऐकत.

तो बावीस वर्षांचा होता. मेकॅनिकलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला. सोडला म्हणजे, त्याने काढलेलं रिव्हॉल्व्हरचं ड्रॉइंग सरांनी वर्गासमोर उलटं धरून विचारलं होतं, "नळी वर असते, एवढं तरी ठाऊक आहे का?" वर्ग हसला. दीपेशने ड्रॉइंग काढून घेतलं, दार आपटलं आणि पुन्हा गेला नाही. बापाने डोळखांबच्या घरी त्याचं ताट वाढायचं बंद केलं. तेव्हापासून तो काकांकडे कामाला होता आणि जगातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसावर मनातून खवळलेला होता.

ते ड्रॉइंग त्याने पितळेत उतरवलं. दोन वर्षं लागली. नुसता नमुना, बार उडणार नाही असा. दस्ता शिसवीचा. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरात चक्रीच्या वरच्या घरासमोर नळी असते. याच्यात खालच्या घरासमोर होती. धक्का मनगटाच्या वरून न जाता सरळ तळहातात यावा, तोंड उसळू नये, एवढा साधा विचार. चक्रीला सहा घरं. प्रत्येक घर जागेवर बसताना 'खट्' असा एकच, स्वच्छ आवाज. त्या आवाजावर दीपेशचा फार जीव होता.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोनला, एका कारखान्याने छोट्या कारागिरांकडून नवे नमुने मागवले होते. निवडलेल्याला नोकरी. अर्जावर परवानाधारकाची सही हवी आणि अर्ज दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोस्टात पडायला हवा. सही जयरामकाकांची.

"चार माणसांस्नी दाखव आधी," काका म्हणाले. "हत्यार वापरणाऱ्यांस्नी. त्यांचं काय मत पडतंय ते मला सांग. मग बघू."

मत! डुकरावर छर्रे उडवणारे म्हातारे आता त्याच्या कामावर मत देणार होते.

२

पहिला आला राघोमामा. कसाऱ्याच्या जंगलात तीस वर्षं गार्ड असलेला, आता डोळ्यांत मोतीबिंदू. सोबत त्याचा मेहुणा धर्मा, जो कुठेही गेला तरी फक्त बिडी ओढायचा. जनाबाई काकी चहा घेऊन आल्या आणि दाराशीच टेकल्या.

राघोमामाने पाटावरून नमुना उचलला, वर धरला, खाली धरला.

"हे तुझं मशीन उलटं जन्मलंय रे. पायाळू."

"धक्का सरळ हातात येतो, मामा. तोंड वर जात नाय."

"साप पोटाखालून तोंड काढतोय असं दिसतंय. माणूस बघून भिणार नाय, हसंल."

"हसू दे. हसतानाच लागंल."

धर्मा धूर सोडत खोकला. ते हसणं होतं.

"मोज आधी," काका म्हणाले.

राघोमामाने करंगळी घातली. "एक रिकामं." खट्. "दोन रिकामं." खट्. तीन, चार, पाच. खट्. लाल ठिपका वर आला. "झालं. रिकामं हाय."

"सहा," दीपेश म्हणाला.

"पाच."

"मामा, मी स्वतः पाडलीत ती घरं. सहा आहेत."

"मग एक तू खाल्लंस. माझ्या बोटाला पाच लागली."

दीपेशला वाटलं, याला दिसत नाही ते नाही, आता बोटंही गेली. नमुना उलटा करून त्याने सगळ्यांना चक्री दाखवली. सहा भोकं, फुलाच्या पाकळ्यांसारखी. राघोमामाने मान डोलावली, चहा फुर्र करून प्यायला आणि म्हणाला, "हाताला मात्र बसतंय चांगलं. ह्ये मी खोटं नाय बोलणार."

 काकांनी खोलीतल्या प्रत्येकाकडे एकदा पाहिलं. राघो, धर्मा, काकी, दीपेश. मग स्वतःच्या हाताकडे.

३

दुसऱ्या दिवशी दीपेश एसटीने वैशाखऱ्याला गेला, नथूतात्यांकडे. तात्यांनी आयुष्यात जितकी डुकरं मारली त्याहून जास्त सांगितली होती. शेणाने सारवलेली ओसरी, आढ्याला टांगलेलं नाचणीचं बियाणं, आतल्या खोलीत झोळीत तान्हं पोर. सून दामिनी झोळीची दोरी ओढत होती आणि मुलगा रविंद्र खांबाला टेकून विळ्याला धार लावत होता. घरचे चौघं आणि पाचवा दीपेश, सगळे एकाच खोलीत. बाहेर ऊन रणरणत होतं.

तात्यांनी न सांगता मोजायला घेतलं. काकांच्या दुकानात चाळीस वर्षं जाणाऱ्याच्या हाडात तो नियम मुरलेला. "एक रिकामं." खट्. दोन. तीन. "चार रिकामं." खट्. लाल ठिपका.

"चारच?" रविंद्र म्हणाला. "द्या बघू. ठेवा, खाली ठेवा आधी." त्याने घोंगडीवरून उचलून मोजलं. चार.

दीपेशने जवळजवळ ओरबाडूनच घेतलं. डोळ्यांसमोर सहा घरं होती. पितळेच्या कडा चमकत होत्या. त्याने करंगळी घातली, गार लागली. एक. दोन. तीन. चार. खट्. आणि लाल ठिपका पुढ्यात. मधली दोन कुठे गेली? बोट कुठून कुठे गेलं? चक्री निसटते का? निसटली असती तर आवाज बदलला असता. आवाज तोच होता.

पोर रडायला लागलं. दामिनी त्याला उचलून घेऊन परसात गेली. दीपेश मोजतच होता. एक. खट्. दोन. खट्. लाल.

आता दोन.

"काय रे, घाम का फुटला तुला?" तात्या हसत होते, तोंडात तीन दात. "ऐक माझं मत. हे तुझं हत्यार डुकराच्या कामाचं नाय. नळी बघून डुकराला हसू येईल. पण एक सांगतो. बाकीची हत्यारं आपुन धरतो. ह्ये असं वाटतं की ह्यानी मला धरलंय." त्यांनी बोटं उघडून मिटून पाहिली. "नाय, सोडतंय. सोडलं बघ."

एसटीत खिडकीशी बसून दीपेश विचार करत राहिला. दुकानात त्या दिवशी पाच माणसं होती आणि पाच घरं लागली. तात्यांकडे पाच माणसं आणि लागली चार. सून पोराला घेऊन गेली, दोन कमी झाली. म्हणजे ती दोघं मोजणीत होती. मागे उरलो तिघं आणि घरं दोन.

मूर्खपणा, तो स्वतःला म्हणाला. राघोमामासारखं बोलायला लागलास. चक्री अडवणारी खुंटी झिजली असेल.

संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर त्याने नमुना पूर्ण खोलला. खुंटी नवी होती तशी होती. स्प्रिंग ताठ. पुन्हा जोडला. मोजलं. "एक." खट्. लाल ठिपका. तो तसाच बसून राहिला. सहा घरं त्याच्याकडे बघत होती.

घरमालकीण तानीबाई मागच्या महिन्यात नेलेली कळशी मागायला दारात आली. "दे रे आता, का तिची पण बंदूक केलीस?" दीपेशने तिला आत बोलावलं, जरा बसा म्हणाला. ती बडबडत बसली. त्याने मांडीआड मोजलं. दोन. ती कळशी घेऊन गेली. एक.

म्हणजे आपण मोजणीत आहोत, एवढं त्याला कळलं. आणि ते कळल्यावर त्याला केवढं तरी बरं वाटलं. वैशाखऱ्याच्या त्या खोलीत कोण नव्हतं, हा प्रश्न त्याने त्या बऱ्या वाटण्याखाली दडपून टाकला.

४

चौथ्या दिवशी रविंद्र दुकानात आला. डोकं भादरलेलं, खांद्यावर तात्यांची बंदूक. परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही.

"बाबा गेले," तो म्हणाला आणि बंदूक पाटावर ठेवली. "बुधवारी. बांधावर बसले होते तमाखू मळत. मी हाक मारली तर उठले नाय. तमाखू हातातच."

काकांनी बंदूक उचलली, गज सोडला. "नळी रिकामी," ते म्हणाले.

रविंद्र गेल्यावर काकांनी लेथ बंद केला. लेथ थांबला की दुकानात बाजाराचा आवाज यायचा. त्या दिवशी तोही आला नाही.

"नथूकडं किती लागली घरं?" काकांनी विचारलं.

दीपेश पाटावरचा चुरा पुसायला लागला.

"राघोला पाच लागली तवा आपुन पाच होतो. मी तवाच मोजलं. नथूकडं किती होतात आणि किती लागली?"

"पाच होतो. चार लागली."

काका बराच वेळ आपल्या अर्ध्या पंजाने पाट चोळत राहिले. दीपेशला वाटलं, आता म्हणतील मोड. वितळव. म्हाताऱ्यांना नवं काही मोडायचंच असतं. त्याने उत्तर तयार ठेवलं होतं: तात्या पंचाहत्तरचे होते, पितळ कोणाला मारत नाही, तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत भूत बघता म्हणूनच तुमचं आयुष्य या गल्लीत गेलं.

"त्यानं काय केलं नाय," काकाच म्हणाले. "तो फक्त मोजतोय. राहणाऱ्यांस्नी."

"मग सही करा. आत्ताच."

"खंडेनवमीला हत्यारं पुजतो. तवा तुझा नमुना पण पाटावर ठेव. हातात घीन, माझं मत सांगीन, सही करीन."

"हातात घेतलंत की मोजाल."

"न मोजता मी कंदी उचललं नाय."

"काका, एकदा नका मोजू! कोणाचं काय बिघडणार आहे?"

काकांनी डावा हात वर केला. अंगठा आणि दोन बोटं. "ह्येच म्हणलो होतो मी त्या दिवशी," ते म्हणाले.

५

खंडेनवमीला दुकान धुतलं होतं. बंदुका ओळीने भिंतीला, प्रत्येकीला झेंडूचं एक फूल. लेथला हार. काकी हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या, दमा असल्यामुळे दोन पावलं टाकून थांबत. सकाळचे दहा वाजले होते. दारातून ऊन पाटापर्यंत आलं होतं आणि त्या उन्हात पितळेचा नमुना नव्या भांड्यासारखा दिसत होता.

"ह्ये काय गो बाई," काकी म्हणाल्या. "देखणं नाय, पण बघत बसावंसं वाटतंय." त्यांनी दस्त्याला कुंकू लावलं. ते त्यांचं मत.

अर्ज दीपेशच्या खिशात होता. घामाने त्याची घडी मऊ पडली होती. खोलीत तिघं होते. काका, काकी आणि तो.

काकांनी नमुना उचलला. वजन पाहिलं, पेलला, दाराबाहेरच्या उन्हाकडे रोखून धरला. त्यांच्या चेहऱ्यावर दीपेशने कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. नळीचं तोंड जराही हलत नव्हतं. तीन बोटांच्या हातातही हलत नव्हतं.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "नळी खालीच पायजे होती. एवढी वर्षं आमी सगळे उलटं धरून बसलो. मला कंदी सुचलं नाय, आणि कुणी सुचवलं असतं तर मी पण हसलोच असतो."

दोन वर्षं दीपेश या वाक्याची वाट पाहत होता. सरांनी म्हणावं, बापाने म्हणावं, कोणीतरी म्हणावं. आणि आता ते ऐकताना त्याचं सगळं लक्ष काकांच्या करंगळीकडे होतं.

"एक रिकामं." खट्.

उदबत्तीची राख पडली.

"दोन रिकामं." खट्.

लाल ठिपका.

काकांनी ठिपक्याकडे पाहिलं. मग काकींकडे. काकी निरांजनाची वात पुढे सारत होत्या. मग त्यांनी दीपेशकडे पाहिलं आणि नजर पटकन पुन्हा ठिपक्यावर आणली.

तिघं आणि दोन. दीपेशचं डोकं भराभर चालायला लागलं. काका बहात्तर वर्षांचे. काकींना दमा, काल रात्रभर बसून काढली म्हणत होत्या. आपण बावीस. वैशाखऱ्याहून आलो त्या संध्याकाळी खोलीवर आपण होतो मोजणीत, एक लागलं होतं, तानीबाई आली तेव्हा दोन. यात विचार करायचा आहेच काय? दोघांपैकी एक. आणि त्याच्या मनाने लगेच, कोणी न विचारता, निवडही केली. काका. सही झाल्यावर काका.

ते मनात आलं आणि त्याला स्वतःच्या तोंडाची चव कडू लागली. म्हाताऱ्यांना उठताबसता शिव्या देणारा तो. त्यांच्यातल्या एकानेही त्याच्याबद्दल असं काही मनात आणलं नसेल.

"काका," तो म्हणाला, "मी बाहेर उभा राहतो. परत मोजा."

"कशाला?"

"मोजा ना. मी बाहेर गेलो की एक लागंल."

काकी म्हणाल्या, "अरे, आरती व्हायची हाय. कुठं निघालास?"

"आलोच काकी."

काकांनी हात पुढे केला, थांबवायला की काय, कळलं नाही. दीपेश तोवर उंबऱ्याबाहेर होता.

६

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. गल्लीत एक बाई आपट्याच्या फांद्यांचा भारा घेऊन चालली होती. तेलघाण्याचा पट्टा फिरत होता, फट फट फट. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. ऐकू येणार होतं.

हिशेब सोपा होता. आत दोघं. तो मोजणीतला असेल तर तो बाहेर आल्याने एक घर कमी झालं, म्हणजे आता एकच लागायला हवं. एकदाच खट्. आणि दोन लागली, तर.

पट्टा थांबला. कोणीतरी घाण्यात तीळ ओतत होतं.

"एक रिकामं," काका आतून म्हणाले. नेहमीसारखं, तालुक्याला ऐकू जाईल असं.

खट्.

दीपेश थांबला. आता काकांनी बोलायला हवं होतं. झालं म्हणायला हवं होतं. आत काहीच नव्हतं. काकींच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. भिंतीची ओल त्याच्या शर्टातून पाठीला लागत होती. ऊन होतं तिथेच होतं.

मग आवाज आला. दबलेला. पितळेवर कोणी अख्खा पंजा आवळून धरावा आणि आत काही फिरू द्यावं, इतपत. ज्याने तो आवाज स्वतः घडवला नव्हता, त्याला तो ऐकूही आला नसता.

खट्.

"एकच," काका म्हणाले. आवाज चिरका होता. "एकच लागलं रे, दीपेश. एकच हाय. ये आत."

"अहो, डोळ्यांत काय गेलं तुमच्या?" काकींचा आवाज. "उदबत्तीचा धूर लागला का? सरका जरा."

चाळीस वर्षांत जयरामकाकांनी एकही आकडा गाळला नव्हता. गाळणाऱ्याला ते पाटावरून उठवत, बाहेर काढत, वर्ष वर्ष बोलत नसत.

तेलघाण्याचा पट्टा पुन्हा सुरू झाला. दीपेशने चपला काढल्या. एक वाकडी पडली होती, ती सरळ करून ठेवली. आत गेला.

काकांनी खिशातून पेन काढून ठेवलं होतं. अर्ज घेतला, मांडीवर धरला आणि मोठ्या अक्षरात सही केली. मग त्यांनी नमुना उचलला. दीपेश पाटाकडे बघत राहिला, ते तिथे ठेवतील म्हणून.

त्यांनी तो पाटावर ठेवला नाही. हातातून हातात दिला, आणि आपला तीन बोटांचा हात बराच वेळ काढून घेतला नाही.